पाचवे स्थान कोणाचे? : सायबरसिनची परिभाषा व लोकशाही नियोजन

चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांच्या शासनाने १९७१ ते १९७३ या काळात हाती घेतलेला सायबरसिन प्रकल्प हा संगणकाच्या साहाय्याने लोकशाही नियोजन करू पाहणारा एक धाडसी प्रयोग होय. उत्पादनवाढीची आस सोडून अर्थव्यवस्था गरजांच्या मर्यादेत चालवावी, असे म्हणणारे आजचे काही विचारवंत त्याकडे आदर्श म्हणून पाहतात. हा आदर्श कितपत ग्राह्य आहे, हे प्रकल्पाच्या परिभाषेवरूनच तपासून पाहता येते.

प्रकल्पाचे स्पॅनिश नाव 'सिन्को'. 'माहिती व नियंत्रण पद्धती' या अर्थाच्या शब्दांतील अक्षरे घेऊन ते सिद्ध झाले. परंतु उच्चारात ते 'पाच' या अर्थाच्या शब्दाशी जुळते. प्रकल्पाचे शिल्पकार स्टॅफर्ड बीअर यांच्या मीमांसेत व्यवस्थेचे पाच स्तर आहेत, त्याचे हे सूचन. बीअर यांच्या आठवणीनुसार, पाचवा स्तर म्हणजे स्वतः अध्यक्ष, असे ते म्हणणार तोच, अखेर येथे जनता आली, असे आयेंदे उद्गारले. पद एकच, अर्थ मात्र दोन! प्रकल्पाचा सारा पेच या द्व्यर्थतेत सामावला आहे.

कारखान्यांचे आकडे टेलेक्सने सांतियागोला यावेत व संगणकाने त्यांतील विचलन हेरावे, अशी योजना होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटार-मालकांनी संप पुकारला, तेव्हा याच टेलेक्सच्या जाळ्याने शासनास पुरवठा सांभाळण्यास साहाय्य केले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि या भाषेत 'किती' होते; 'का' व 'कशासाठी' यांना रूपच नव्हते. नागरिकांसाठी बीअर यांनी सुचविलेल्या यंत्रात तर समाधान-असमाधान दाखविणारा एक काटा तेवढा होता. काट्याने उत्तर देता येते, प्रश्न बदलता येत नाही. आणि प्रश्न बदलण्याचा अधिकार हाच लोकशाहीचा प्राण होय.

वाढीपलीकडील अर्थव्यवस्थेत ही उणीव अधिकच जाणवेल. विचलन हेरणाऱ्या यंत्रास उत्पादनातील घट हा केवळ धोक्याचा इशारा वाटतो. तेथे मात्र तीच घट लोकांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकते. दोहोंतील भेद आकड्यात नसतो, तो चर्चेतून ठरतो.

११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने प्रयोग अपुरा राहिला, हे खरे. परंतु वरील दोष अपुरेपणाचा नव्हे, परिभाषेचा आहे. संगणक आज कितीतरी समर्थ झाला असला, तरी पाचव्या स्थानी कोण, याचे उत्तर त्याच्याकडे मागता येणार नाही.