गाडीतला कीथ, खुर्चीतला रॉब

कीथ बॅरेट टॅक्सी चालवतो. गाडीत तो एकटाच असतो आणि समोरच्या कॅमेऱ्याशी गप्पा मारतो. बायको मारिअन त्याला सोडून जेफकडे राहायला गेली आहे, दोन्ही मुलगे तिच्याजवळ आहेत. कीथच्या तोंडी मात्र तक्रारीचा शब्द नाही. जेफ किती भला माणूस आहे, आपल्याला कसा एक चांगला मित्र मिळाला, हे तो हसतमुखाने सांगत राहतो. त्याला जे उमगत नाही ते बघणाऱ्याला दोन मिनिटांत उमगते आणि हसता हसता घशात आवंढा अडकतो. २००० साली बीबीसी टू वाहिनीवर आलेल्या ‘मारिअन अँड जेफ’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे दहा भाग होते आणि प्रत्येक भाग जेमतेम दहा मिनिटांचा. एक माणूस, एक गाडी, एक कॅमेरा. गेल्या पंचवीस वर्षांतल्या ब्रिटिश विनोदात इतक्या कमी सामग्रीत इतके मोठे काम क्वचितच झाले असेल.

कीथ साकारणारा आणि दिग्दर्शक ह्यूगो ब्लिकच्या जोडीने तो लिहिणारा रॉब ब्रायडन तेव्हा पस्तिशीत होता. यश त्याच्याकडे उशिरा आले. ३ मे १९६५ रोजी दक्षिण वेल्समधल्या बॅगलनमध्ये जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव रॉबर्ट ब्रायडन जोन्स. वेल्समध्ये जोन्स आडनाव गल्लोगल्ली सापडते, तेव्हा त्याने मधले नावच आडनाव म्हणून घेतले. पोर्थकॉलमध्ये शाळा झाली, मग कार्डिफच्या संगीत-नाट्य महाविद्यालयातले शिक्षण अर्धवट सोडून तो बीबीसी रेडिओ वेल्सवर दाखल झाला. पुढची कितीतरी वर्षे रेडिओ, जाहिरातींना दिलेला आवाज आणि टीव्हीवर वस्तू विकणारी वाहिनी यांत गेली. ही वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही. चेहरा दिसत नसताना निव्वळ आवाजाने समोरच्याला धरून ठेवायचे, ही तालीम त्याला तिथेच मिळाली.

ब्रायडनची खरी संपत्ती म्हणजे त्याचा कान. त्याची एक करामत प्रसिद्ध आहे: ओठ जवळपास न हलवता तो डब्यात कोंडलेल्या चिमुकल्या माणसाचा आवाज काढतो. आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आल्यासारखा वाटतो आणि बघणारा नकळत डबा शोधू लागतो. पण कानाची कसोटी लागते ती ‘द ट्रिप’मध्ये. मायकल विंटरबॉटमच्या २०१० सालच्या या मालिकेत ब्रायडन आणि स्टीव्ह कूगन उत्तर इंग्लंडमधल्या हॉटेलांत जेवत फिरतात आणि ताटावर बसून नकलांची जुगलबंदी लढवतात. अभिनेता मायकल केनची नक्कल कोण बरी करतो, यावरचा त्यांचा वाद तर आता दंतकथा झाला आहे. तरुण केनचा आवाज वरच्या पट्टीत, नाकातून यायचा, वय वाढले तसा तो खाली उतरला आणि जाड झाला, भावनेच्या भरात तो मध्येच फाटतो, असा सगळा हिशेब तिथे मांडला जातो. नकलेच्या कलेवरचे हे चांगले व्याख्यानच आहे. शिवाय पन्नाशीकडे झुकलेल्या दोन पुरुषांचे एकटेपण त्या नकलांमागून डोकावते. म्हणून ही मालिका नुसत्या नकलाकारांची उरत नाही.

वेल्सने ब्रिटनला विनोदी माणसे भरभरून दिली. टॉमी कूपर केअरफिलीत जन्मला, पण तीन वर्षांचा असतानाच त्याचे घर इंग्लंडला हलले आणि त्याच्या विनोदात वेल्स उरला नाही. स्वान्झीच्या हॅरी सीकमने ‘द गून शो’तून रेडिओ गाजवला. खाणकामगारांच्या ग्लिननीथ गावातला मॅक्स बॉइस मात्र वेल्सच अंगावर घालून रंगमंचावर आला: लाल-पांढरा मफलर आणि हातात लीक या कांदावर्गातल्या भाजीची भलीमोठी पात. १९७५ साली त्याची विनोदी ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिली आली. बॉइसचा श्रोता रग्बी क्लबातला, आपला माणूस होता. ब्रायडनपाशी ना मफलर, ना लीक. त्याचा वेल्स वाक्याच्या चालीत आहे, शेवटच्या अक्षराला वर जाणाऱ्या सुरात आहे. ‘गॅव्हिन अँड स्टेसी’मध्ये त्याने साकारलेले ब्रिन काका पाहा. ही मालिका रुथ जोन्सने जेम्स कॉर्डनच्या जोडीने लिहिली. जोन्स आणि ब्रायडन पोर्थकॉलच्या एकाच शाळेतले. बॅरी या किनारी गावातले ब्रिन काका साध्यातल्या साध्या गोष्टीने हरखून जातात. त्यांच्यावर हसताना वेल्सची खिल्ली उडवल्यासारखे वाटत नाही, कारण लिहिणारी आणि बोलणारा दोघेही त्या मातीतले आहेत. २०२४च्या नाताळात शेवटचा भाग आला, तेव्हा त्याच रात्री एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला.

आणि मग ती खुर्ची. २००६ साली ब्रायडनने ‘ॲन्युअली रिटेंटिव्ह’मध्ये स्टुडिओतल्या पॅनेल शोचे नाटकी रूप उभे केले होते. त्यातला सूत्रसंचालक क्षुद्र, मत्सरी, पडद्यामागे सगळ्यांना छळणारा. तीनच वर्षांनी खऱ्या पॅनेल शोची खुर्ची त्याच्याकडे आली: ‘वुड आय लाय टू यू?’. ली मॅक आणि डेव्हिड मिचेल यांचे दोन संघ, एकेक पाहुणा किस्सा सांगणार, तो खरा की खोटा हे दुसऱ्या संघाने ओळखायचे. विनोदवीर बॉब मॉर्टिमर गंभीर चेहऱ्याने सांगतो की गायक क्रिस रियाने आपल्याला आंघोळीच्या टबात अंडे फोडून घालायला शिकवले, तेव्हा ब्रायडनचे काम घाई न करण्याचे असते. तो पुढचा प्रश्न जरा लांबवतो, मनापासून हसतो आणि किस्स्याला फुलायला जागा देतो. हे कसब सोपे नाही. अनेक सूत्रसंचालक पाहुण्यांच्या विनोदावर आपली कोटी चढवून रंगाचा बेरंग करतात. २००९पासून ब्रायडन हा मोह टाळत आला आहे.

तरीही मन हळहळते. त्या खुर्चीत त्याचा कान वापरला जातो, लेखणी नाही. कीथ बॅरेटसारखा माणूस पुन्हा लिहिला गेला नाही, आणि याचा दोष एकट्या ब्रायडनचा नाही. पॅनेल शो सहा माणसांना एका टेबलाभोवती बसवून वर्षानुवर्षे चालतो. दहा मिनिटांच्या, एका माणसाच्या, दुःखाच्या काठावरच्या मालिकेसाठी वाहिनीला जोखीम घ्यावी लागते. वेल्सचे नंतरचे विनोदवीरही याच दरवाजातून आत येतात. कारमार्थनचा रॉड गिल्बर्ट २०१४ साली ‘नेव्हर माइंड द बझकॉक्स’ या पॅनेल शोच्या खुर्चीत बसला. रंगमंचावरचा त्याचा भडकलेला, क्षुल्लक वस्तूंवर तुटून पडणारा संताप त्या साच्यात अर्धाच मावला.

पर्याय दिसतो तो लंडनपासून लांब. मध्य वेल्समधल्या माखन्लेथ या छोट्या बाजारगावात २०१०पासून विनोदाचा महोत्सव भरतो. गावातल्या लहानसहान जागांत कलाकार अजून न बसलेले, हातात कागद घेऊन वाचायचे कार्यक्रम करून बघतात. एलिस जेम्ससारखा विनोदवीर तर इंग्रजीइतक्याच सहजतेने वेल्श भाषेत उभा राहतो. अशा एखाद्या खोलीत कुणी एकटाच खुर्ची ओढून बसेल, पोरांबद्दल बोलू लागेल, आणि समोरच्या चाळीस जणांना त्याच्या आधी कळून चुकेल की त्याची बायको परत येणार नाही.