खोरे भरले, पण कागदावर

एका अणुथराच्या जाडीचा चुंबकीय पदार्थ ताणावा, ताणामुळे त्यात विद्युतक्षेत्र तयार व्हावे, त्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन चालू लागावेत आणि बाहेरून चुंबक न लावताही सगळे एकाच कडेला वळावेत. द्विमितीय चुंबकांच्या अभ्यासातली ही कल्पना मला आजही मोहवते. म्हणूनच तिची सद्यःस्थिती पाहून मन अस्वस्थ होते.

इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगानुसार बदलते. त्या आलेखातला खोलगट भाग म्हणजे व्हॅली, आपल्या भाषेत खोरे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात अशी दोन खोरी असतात, दोन्ही सारख्याच पातळीची. त्यांतले इलेक्ट्रॉन विरुद्ध कडांना वळतात, म्हणून सगळे एकाच कडेला हवे असतील तर एकच खोरे भरायला हवे. वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाशाने त्यातले हवे ते एकच भरता येते, हे २०१२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पण प्रकाश थांबला की भेद लगेच पुसला जातो. चुंबकीय क्षेत्र लावावे, तर एका टेस्लामागे पातळीत फरक पडतो जेमतेम ०.२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. खोलीच्या तापमानाची उष्णताऊर्जाच २५ च्या घरात आहे!

मग पदार्थच चुंबकीय असला तर? २०१६ मध्ये शांघायच्या संशोधकांनी व्हॅनेडियम डायसेलेनाइडच्या २एच रूपासाठी हेच सुचवले आणि अशा पदार्थांना ‘फेरोव्हॅली’ म्हटले. या रूपाच्या एका थरात व्युत्क्रम सममिती नसते, म्हणजे केंद्रातून उलटवल्यावर रचना तशीच राहत नाही. दोन खोरी वेगळी ओळखता येतात ती त्यामुळेच, आणि दाबविद्युत, म्हणजे ताणातून निर्माण होणारी वीज, हीही त्यातूनच येते. २०१४ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे वाकवून पाहिले, तेव्हा विषम थरांतून वीज मिळाली, सम थरांतून नाही. एकावर एक थर बसला की सममिती परतते आणि वीज जाते. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

अडचण पुढे आहे. व्हॅनेडियम डायसेलेनाइडचा थर प्रयोगशाळेत सहसा वाढतो तो १टी रूपात, आणि त्यात ही सममिती शाबूत असते. २०१८ मध्ये त्यात खोलीच्या तापमानालाही चुंबकत्व असल्याचा दावा झाला. इतरांना ते आढळले नाही. २०१७ मध्ये गाजलेला क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकथर खरोखर चुंबक आहे, पण ४५ केल्व्हिनच्या खालीच. तो उघड्या हवेत टिकत नाही, आणि सममित असल्यामुळे त्यात दाबविद्युतही नाही.

म्हणून सगळी भिस्त गणितावर. २०२० मध्ये शेनयांगला मॉलिब्डेनम, सिलिकॉन आणि नायट्रोजन यांचा थर प्रत्यक्ष तयार झाला आणि त्याच्या चुंबकीय भावंडांची भाकिते भराभर येऊ लागली. त्यांतली अनेक हबर्ड ‘यू’ या एका आकड्यावर तोलून धरलेली असतात; एकाच अणूवरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना किती ढकलतात हे गणितात धरण्यासाठी तो निवडावा लागतो. तो थोडा बदलला की चुंबकत्वाची दिशा उभीची आडवी होऊ शकते, आणि ती आडवी झाली की खोऱ्यांतला फरक संपतो. आणखी एक गोष्ट बहुतेक लेख ओझरत्या उल्लेखावर सोडतात: दाबविद्युत टिकायला पदार्थ विद्युतरोधक हवा, खोऱ्यांचा प्रवाह वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन हवेत, आणि हेच इलेक्ट्रॉन ते विद्युतक्षेत्र झाकून टाकतात. खरी कसोटी इथे आहे.

भाकीत करणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘यू’च्या निदान चार किमतींचे निकाल छापा, चुंबकत्वाची दिशा आणि ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते ते क्युरी तापमान ठळकपणे सांगा, आणि तो थर कोणत्या पद्धतीने वाढवता येईल हे लिहिल्याशिवाय लेख पाठवू नका.