फौंड्रीच्या दारातली ग्रामीण कथा

शंकर पाटलांचं नाव निघालं की लोकांना आधी हसू आठवतं. १९२६ साली हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत जन्मलेला हा कथाकार 'वळीव'पासून लिहिता झाला. पुढं 'धिंड', 'खुळ्याची चावडी'सारखे कथासंग्रह, 'टारफुला'सारखी कादंबरी, 'पिंजरा' चित्रपटाचे संवाद आणि १९८५ साली नांदेडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद अशी मोठी कारकीर्द झाली. पण व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर ते गावोगाव कथा सांगत फिरले आणि तीच ओळख सर्वांत ठळक राहिली. कथाकथनानं पुस्तक हाती न धरणाऱ्या माणसापर्यंत कथा पोचवली, हे उपकार मोठेच. माझ्या मते नुकसानही तिथंच झालं. मागून आलेल्यांनी त्यांच्याकडून बोली उचलली, शेवटचा फटका उचलला; माणसाच्या पोटात शिरणारी नजर मात्र मागंच राहिली. पाटलांचा विनोद अडचणीत सापडलेल्या माणसाच्या धडपडीतून येतो. अनुकरणात उरला तो नुसता बेरकी सरपंच.

ग्रामीण कथा संपली असं म्हणणाऱ्यांनी पाटलांच्याच हातकणंगले तालुक्यातल्या शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या दारात, पाळी सुटायच्या वेळी यावं. गेटमधून बाहेर पडणारा माणूस शेतकऱ्याच्याच घरचा असतो. दिवसभर तो काळ्या वाळूत मोल्डिंगचे बॉक्स भरतो, कोअर बसवतो. लॅडलमधून लोखंडाचा रस साच्यात उतरताना त्याच्या तोंडावर धग येते. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासायला, असला तर ग्राइंडरची धूळ पापण्यांवर बसलेली असते. घरी जाऊन जेवला की रात्री उसाला पाणी पाजायला निघायचं, कारण शेतीपंपाची लाईट पुष्कळदा रात्रीच. गाव आणि कारखाना एकाच अंगावर वागवणारा हा माणूस कोल्हापूरच्या फौंड्री धंद्याचा कणा आहे. कथेत तो क्वचितच भेटतो. आपली ग्रामीण कथा बांधावर, चावडीवर आणि एसटीच्या फाट्यावर रमली. कारखान्याला तिनं शहराच्या खात्यात टाकलं.

निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी ही चूक केली नाही. २०२४ साली गेलेल्या या लेखकानं आयुष्याचा मोठा काळ पिठाची गिरणी चालवत काढला आणि गॅरेजमधली पोरं, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्या कथा लिहिल्या. त्यांच्या लेखनात हत्यारं, ऑइलचे डाग, उसनवारी सगळं जागच्या जागी असतं, कारण हे जग त्यांच्या रोजच्या वावरातलं होतं. सीमाभागातल्या या माणसाला मराठी समीक्षेनं फार कमी जागा दिली, याची मला खंत वाटते.

नंतरच्यांत किरण गुरव महत्त्वाचे. 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' या त्यांच्या कथासंग्रहाला २०२१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाव सुटत असताना आणि शहर अजून हाती लागलेलं नसताना पोराचं काय होतं, हे त्यांना नेमकं दिसतं. मुंबईच्या गिरणगावाला जयंत पवार मिळाले. फौंड्रीला तेवढ्या ताकदीचा कथाकार हवा.

त्यानं कादंबरीच लिहिली पाहिजे असंही नाही. मल्याळमचे टी. पद्मनाभन खताच्या कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी जन्मभर कथाच लिहिली आणि केरळनं त्यांना थोर मानलं. आपल्याकडं मात्र दोन कथासंग्रह झाले की लगेच विचारणा होते, 'कादंबरी कधी?'

शिरोलीवर लिहू पाहणाऱ्यापुढं खरं अवघड काम वेगळंच आहे. मोल्डिंगच्या लाईनवर आता बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली पोरं कोल्हापूरच्या पोरांच्या शेजारी उभी असतात. पाटलांच्या पात्रांना एकच बोली पुरायची. इथं हिंदी, भोजपुरी आणि 'काय लका' एकाच वाक्यात येतं, आणि भट्टी चालू असताना निम्मं बोलणं हातवाऱ्यांवरच भागतं. असल्या बोलण्याचा संवाद कागदावर कसा उतरवायचा, हे अजून कुणीतरी करून दाखवायचं आहे.