विवाहाचे नियम आणि संमतीचा शब्द

आलेस्सांद्रो मान्झोनी या इटालियन लेखकाची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’ ही कादंबरी १८२७ साली प्रथम प्रसिद्ध झाली. एका भित्र्या धर्मगुरूमुळे अडलेल्या लग्नाची ही कथा. लग्नाची नोंद करायला आलेले तरुण आम्हांला वारंवार विचारतात, “आमचे एकमेकांवर प्रेम आहे, मग घोषणा, दाखले, साक्षीदार हे सारे कशाला?” त्याचे उत्तर शोधताना ही कादंबरी आम्ही पुन्हा हाती घेतली.

काळ १६२८चा, स्थळ स्पेनच्या अमलाखालील लोंबार्डी. रेशीम कातणारा रेंझो आणि लुचिया यांचा विवाह दुसऱ्या दिवशी लागायचा आहे. परंतु डॉन रोद्रिगो या सरदाराची नजर लुचियावर पडली आहे. त्याचे दोन गुंड गावचे धर्मगुरू डॉन अब्बोंदिओ यांना वाटेत गाठतात आणि हे लग्न लागता कामा नये, असे बजावतात. सकाळी आलेल्या रेंझोला धर्मगुरू विवाहातील अडथळ्यांची यादी लॅटिनमध्ये ऐकवतात. बिचाऱ्याला त्यातले अक्षरही कळत नाही. त्या अडथळ्यांचा अभ्यास आम्हीही सेमिनरीत केला आहे. म्हणून या प्रसंगाला हसता हसता आम्ही ओशाळलो.

ज्या नियमाआड डॉन अब्बोंदिओ लपतात, तो मुळात कशासाठी झाला? पूर्वी दोघांनी एकांतात एकमेकांचा स्वीकार केला तरी विवाह खरा ठरे. पुढे एखादा पुरुष तो नाकारून दुसरीशी चारचौघांत लग्न करी आणि पहिलीच्या बाजूने बोलायला साक्षीदार नसे. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवले, की आधी तीन वेळा जाहीर घोषणा व्हावी आणि विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर, दोन-तीन साक्षीदारांदेखत व्हावा. एरवी तो विवाहच नव्हे. त्याच वेळी, आईवडिलांच्या संमतीवाचून झालेला विवाह रद्दबातल मानावा, ही फ्रान्सकडून आलेली मागणी मात्र परिषदेने मान्य केली नाही. म्हणजे नियमाने एकांताचे स्वातंत्र्य काढून घेतले, पण दुबळ्या पक्षाला आणि मुलांच्या इच्छेला संरक्षण दिले. हे आम्हांला न्याय्य वाटते.

पण नियम ज्याच्या हाती, तोच भ्याला तर? त्या काळी धर्मगुरूची इच्छा नसतानाही, त्याच्यासमोर साक्षीदारांदेखत वधूवरांनी शब्द उच्चारले की विवाह होई. हे दोघे रात्री तसाच प्रयत्न करतात. रेंझो आपले वाक्य पुरे करतो. लुचिया बोलू लागते, तोच डॉन अब्बोंदिओ टेबलावरचे कापड ओढून तिच्या तोंडावर टाकतात. आमच्या मते कादंबरीचा गाभा येथे आहे. संमतीचा शब्द ऐकण्यासाठी ज्याला नेमले, त्यानेच तो दाबून टाकला. लुचिया सर्वत्र फार सोशिक रंगवली आहे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. या प्रसंगी मात्र तिला बळाने गप्प केले जाते.

दुसरी बाजू मोंझाच्या मठातील गेर्त्रूदच्या कथेत दिसते. घराण्याची मालमत्ता थोरल्या मुलाकडे अखंड राहावी म्हणून बापाने तिला जन्मापूर्वीच मठासाठी ठरवून ठेवले आहे. मुलीची इच्छा तपासल्याशिवाय तिला व्रत देऊ नये, हाही ट्रेंटचाच नियम. धर्माधिकारी तिला प्रश्न विचारतोही. पण बापाच्या धाकाने ती अपेक्षित तीच उत्तरे देते. नियम पाळला जातो आणि एका आयुष्याची माती होते.

१९०७ साली पोप दहावे पायस यांच्या आदेशाने ठरले, की धर्मगुरूने दडपणाखाली न येता स्वतः वधूवरांची संमती विचारून स्वीकारली पाहिजे. १९८३च्या चर्चच्या कायद्यानुसारही बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी केलेला विवाह ग्राह्य नाही, आणि वधूवरांच्या संमतीची उणीव दुसरा कोणीही भरून काढू शकत नाही.

तेव्हा तरुणांना आम्ही सांगू, की घोषणा आणि साक्षीदार हे तुमच्याच शब्दाच्या रक्षणासाठी आहेत. आमच्यापुरता प्रश्न मात्र उरतोच. दाखले जुळले, हॉल ठरला, पत्रिका छापल्या, की वेदीसमोर ‘होय’ हेच उत्तर येणार, असे आपण सारे गृहीत धरतो. मुलीला आणि मुलाला वेगवेगळे बसवून त्यांची इच्छा आम्ही विचारतो खरी, पण पुष्कळदा फॉर्म भरता भरता. यापुढे तो प्रश्न पत्रिका छापण्याआधी, फॉर्म बाजूला ठेवून विचारायचा, असे आम्ही ठरवले आहे. आईवडिलांनी तेवढा वेळ बाहेर थांबावे, ही विनंती.