थडग्यांची लूट आणि एक बखरकार

दिवाळीच्या फराळाबरोबर थडग्यांची गोष्ट काढणे औचित्याला धरून नाही, हे मला समजते. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जे पुस्तक वाचले त्याने मनात असे ठाण मांडले आहे की दुसऱ्या विषयाकडे हात वळेना. पुस्तक आठशे वर्षांपूर्वीचे. लेखक कॉन्स्टँटिनोपलचा ग्रीक, नाव निकेटास कोनिआटिस. मला ग्रीक येत नाही. मॅट्रिकच्या इंग्रजीवर आणि शब्दकोशाच्या आधाराने मी त्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर वाचले. तेव्हा मूळ भाषेच्या नादाविषयी मी बोलणार नाही. परंतु लिहिणारा कोठे उभा राहून बोलतो आहे, काय सांगतो आहे आणि काय गिळतो आहे, हे भाषांतरातूनही कळते. आणि गोष्टी लिहिणाऱ्या मास्तराचे लक्ष तिकडेच जाते.

हकीकत थोडक्यात अशी. ११९८ साली पोप तिसरा इनोसंट याने जेरुसलेम परत मिळवण्यासाठी चौथ्या धर्मयुद्धाची हाक दिली. फ्रान्सच्या सरदारांनी १२०१ मध्ये व्हेनिसशी करार केला. ३३,५०० माणसे जहाजांतून न्यायची आणि व्हेनिसला ८५,००० मार्क चांदी मोजायची. माणसे जमली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. देणे मात्र पुरेच्या पुरे. अशा वेळी कॉन्स्टँटिनोपलचा एक परागंदा राजपुत्र त्यांना भेटला. माझ्या आंधळ्या केलेल्या बापाला गादी परत मिळवून द्या, मी दोन लाख मार्क देतो, असे त्याने कबूल केले. कर्जबाजारी माणसाला दुसऱ्याच्या वचनावर विश्वास ठेवायला वेळ लागत नाही. गादी मिळाली, पैसे काही पुरे मिळाले नाहीत, राजपुत्राचा गळा त्याच्याच लोकांनी आवळला. आणि १२०४ च्या एप्रिलच्या १३ तारखेला क्रूसाची शपथ घेतलेल्या सैन्याच्या हाती ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे नगर पडले. तीन दिवस लूट चालली. जेरुसलेम राहिले बाजूलाच.

या नगरात बारा प्रेषितांचे एक चर्च होते. पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याला तेथे मूठमाती मिळाली ती ३३७ साली. पुढे जस्टिनियनने ते चर्च नव्याने बांधले, त्याचा अर्पणविधी ५५० मध्ये झाला. अकराव्या शतकापर्यंत बहुतेक सम्राट आणि त्यांच्या राण्या तेथेच, जांभळट लाल दगडाच्या आणि संगमरवराच्या पेट्यांत निजल्या. व्हेनिसचे सेंट मार्कचे चर्च याच इमारतीच्या नमुन्यावर बांधलेले आहे. म्हणजे व्हेनिसचे लोक आपल्या देवळाच्या मूळ देवळात शिरले, आणि कशासाठी शिरले ते पुढे येईलच.

या लुटीचे तीन प्रत्यक्षदर्शी लेखक आहेत आणि तिघांना शेजारी ठेवून वाचण्यात मोठी मौज आहे. पहिला व्हिलार्दुआँ, शँपेन प्रांताचा सेनाधिकारी. याची भाषा हिशेबनिसाची. लुटीचा माल तीन चर्चमध्ये जमा केला, चार लाख मार्कांची चांदी आणि दहा हजार जनावरे भरली, ज्यांनी माल लपवला त्यांना फासावर दिले, आणि अशा एका सरदाराला तर गळ्यात त्याची ढाल अडकवून लटकावले, हे तो बारकाईने सांगतो. जग निर्माण झाल्यापासून एका नगरात एवढे धन कोणाला मिळाले नसेल, असेही तो म्हणतो. पण ते धन कोठकोठून निघाले? थडग्यांचा त्याच्या पुस्तकात उच्चार नाही.

दुसरा रोबेर द क्लारी, पिकार्दीचा गरीब सरदार. हा मला अधिक आवडतो, कारण याला राग येतो. हल्ल्यापूर्वी सर्वांनी पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतली होती की बाईला हात लावायचा नाही आणि चर्च फोडायचे नाही. हे रोबेरच सांगतो. मग बड्या लोकांनी चांगले वाडे आधीच बळकावले, आणि आम्हां गरिबांच्या वाट्याला काय, तर बायका न्हाणीघरात नेत असत तसली साधी चांदीची भांडी, हीही तक्रार तोच करतो. त्याला प्रेषितांचे चर्च ठाऊक आहे. तेथे सात प्रेषितांची शरीरे आहेत, येशूला बांधले होते तो खांब आहे, कॉन्स्टंटाइन, त्याची आई हेलेना आणि पुष्कळ सम्राट तेथे पुरले आहेत, असे तो डोळे विस्फारून लिहितो. आणि तेथेच थांबतो. त्या पेट्यांची झाकणे एका रात्री सरकली होती, याविषयी अक्षर नाही. न्हाणीघरातल्या भांड्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एवढी गोष्ट कानांवर आली नसेल, हे मला काही पटत नाही. ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, अशातली ही गत आहे.

सांगतो तो निकेटास. त्याच्या पुस्तकात हा प्रसंग अगदी लहान आहे. रात्रीच्या वेळी त्यांनी सम्राटांची थडगी उघडली, सोन्याचे अलंकार, मोती, रत्ने जे सापडले ते नेले. जस्टिनियनचे शव उघडले तेव्हा ते इतक्या काळानंतरही बिघडलेले नव्हते. जस्टिनियन ५६५ मध्ये वारला. म्हणजे सहाशे एकोणचाळीस वर्षे झाली होती. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. पण चमत्कार वाटला म्हणून हात मात्र आवरले नाहीत.

मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे आपल्या भाषेतही आहेत, पण त्या खाणाऱ्याला आधी नमस्कार करायला लावणारा लेखक मी प्रथमच पाहिला. त्या शिपायांची श्रद्धा खोटी नव्हती, असे निकेटास सुचवतो. ते थक्क झाले होते. आणि थक्क होऊनही मोती काढत होते. यात माणसाविषयी जे कळते ते त्याच्या पानेच्या पाने चाललेल्या विलापात कळत नाही. कारण, स्पष्टच सांगायचे तर, विलाप करताना निकेटास फार बोलतो. नगराला हाका मारतो, जुन्या ग्रंथांतल्या उपमांची रास घालतो, विशेषणाला विशेषण जोडतो. वितळवून नाणी पाडलेल्या पुतळ्यांची यादी मात्र वाचावी. हीरा, हेलेन, लिसिप्पसने घडवलेला हर्क्युलिस, एकेक पुतळा तो पुन्हा उभा करतो. पण सामान्यतः जेथे तो कमी शब्दांत बोलतो तेथे खरा लेखक दिसतो.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. लूट १२०४ ची. परंतु निकेटासच्या पुस्तकात हीच थडगी त्याआधी एकदा उघडलेली आहेत आणि उघडणारा परका नाही. ११९६ च्या नाताळात जर्मनीचा सम्राट सहावा हेन्री याचे वकील खंडणी मागायला आले. ग्रीक सम्राट तिसरा अलेक्सिओस आणि त्याचे दरबारी रत्नजडित वस्त्रे लेवून त्यांच्यासमोर बसले, की पाहुण्यांचे डोळे दिपावेत. पाहुण्यांचे डोळे दिपले नाहीत. मागणी तेवढी पक्की झाली. मग अलेक्सिओसने नागरिकांची सभा बोलावली आणि प्रत्येकाने आपल्या मालमत्तेतून वाटा द्यावा, असे सांगितले. लोक खवळले. चर्चमधल्या सोन्याचांदीकडे बोट दाखवले, धर्माधिकारी खवळले. तेव्हा तो मेलेल्यांकडे वळला, कारण त्यांच्यापैकी कोणी सभेत उठून उभा राहणार नव्हता. पूर्वजांची थडगी फोडून सत्तर सेंटेनारियाहून अधिक चांदी आणि थोडे सोने निघाले. एक सेंटेनारियम म्हणजे शंभर पौंड. आणि गंमत अशी की ११९७ च्या सप्टेंबरात हेन्री मेला आणि ती चांदी पाठवण्याची गरजच उरली नाही!

हे निकेटासने लिहिले, यातच त्याचे मोठेपण आहे असे मी मानतो. हरलेल्या माणसाला आपली बाजू धुतल्या तांदळासारखी दाखवण्याचा मोह केवढा असतो! लुटारूंच्या नावाने बोटे मोडायला कोणाचीही हरकत नव्हती. हे लोक सात वर्षांपूर्वी आमच्याच धन्याने दाखवलेल्या वाटेने आत शिरले, असे वाचकाला दिसू द्यायला छाती लागते. कुंपणाने शेत आधीच खाल्ले होते.

पण येथे माझ्यातला कादंबरीकार अडतो. त्या वेळी निकेटास कोण होता? तो खेड्यातला कीर्तनकार नव्हता. तो अलेक्सिओसच्याच राज्यकारभारात वरच्या पायरीवर चढत गेलेला अधिकारी होता. सभेत लोक बोलले, असे तो सांगतो. तो स्वतः बोलला का? थडगी उघडली जात असताना तो कोणत्या कचेरीत बसला होता? पुस्तक याविषयी मुके आहे. हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या पंडितांनी असे दाखवले आहे की नगर पडल्यानंतर परागंदा अवस्थेत निकेटासने आपला इतिहास पुन्हा लिहिला आणि आपल्या राजांविषयी अधिक कठोर झाला. नोकरी गेल्यावर लेखणीला धार येते, हा अनुभव काही ग्रीकांपुरता नाही. मी हे दोष म्हणून सांगतो, पण त्यामुळे त्याची साक्ष खोटी ठरत नाही. उशिरा बोललेले खरे हेही खरेच असते. फक्त ते उशिरा आले, एवढे वाचकाने मनात धरावे.

एका ठिकाणी तो स्वतःविषयी बोलतो, आणि तेथे विलाप गळून पडतो. नगर पडल्यावर पाचव्या दिवशी तो कुटुंबासह बाहेर पडला. बायकोचे दिवस भरत आलेले, मुले खांद्यावर, तरुण मुलींच्या तोंडाला चिखल फासलेला. ओळखीच्या एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने, हे माझे कैदी आहेत असे सोंग करून, आधी त्यांचा जीव वाचवला होता. वाटेत एका शिपायाने एका न्यायाधीशाची मुलगी ओढून नेली. बाप म्हातारा, आजारी. तेव्हा निकेटास त्या शिपायामागे गेला, वाटेतल्या इतर परक्या शिपायांचे हात धरून, तुम्हांला घरी बायकामुली आहेत ना, अशी विनवणी करत त्यांना सोबत घेतले आणि मुलगी सोडवून आणली. सभेत गप्प राहिलेला असेल तर असो. येथे हा माणूस गप्प राहिला नाही.

पुढे सेलिंब्रियाच्या वाटेवर खेड्यातले शेतकरी या फाटक्या बड्या लोकांना पाहून हसले. आता आपण सारे सारखे झालो, असे ते म्हणाले. निकेटास त्यांच्यावर चिडतो, त्यांना मूर्ख ठरवतो. त्याच्या साऱ्या पुस्तकात मला येथे तो सर्वांत लहान वाटला. रत्नजडित वस्त्रांचे पैसे कोणी भरले होते, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. आणि त्यांच्या थडग्यांत तर कोणाला काही सापडणारच नव्हते.

उम्बेर्तो एको या इटालियन कादंबरीकाराने २००० साली आपल्या 'बाउदोलिनो' कादंबरीत निकेटासला पात्र म्हणून घेतले आहे. जळत्या नगरात तो दुसऱ्याची लांबलचक गोष्ट ऐकत बसतो. कल्पना छान आहे. पण मूळ बखर हाती आल्यास वाचकाने प्रथम तीच घ्यावी, आणि सुरुवात लुटीपासून न करता अलेक्सिओसच्या कारकिर्दीपासून, त्या नाताळच्या दरबारापासून करावी. मग १२०४ ची रात्र आपोआप येते. प्रेषितांचे चर्च आता नाही. पंधराव्या शतकात ते पाडून त्या जागी फातिह मशीद झाली. दगडी पेट्यांपैकी काही इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयाच्या आवारात उघड्यावर आहेत, आणि त्यांतली कोणती कोणाची याविषयी पंडितांचा वाद अजून चालू आहे.