नॅटी बम्पोचे हरीण

आपल्या साहित्यात हरणाची पहिली भेट बहुधा बाणाच्या टोकाशीच होते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो आणि आश्रमवासी मध्ये येऊन त्याला थांबवितात. सुवर्णमृगामागे गेलेल्या रामाचे पुढे काय झाले, ते सांगावयास नको. दशरथाने पाण्यावर आलेले श्वापद समजून बाण सोडला आणि तो श्रवणाला लागला. तात्पर्य, मृगया म्हणजे अनर्थाचा आरंभ, हा संस्कार आपल्या मनावर लहानपणापासूनच झालेला असतो. जेम्स फेनिमोर कूपर या अमेरिकन कादंबरीकाराची ‘द पायोनियर्स’ ही 1823 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अलीकडे पुन्हा वाचावयास घेतली, तेव्हा पहिल्याच प्रकरणात मला दशरथ भेटला.

न्यूयॉर्क राज्यातील ओट्सेगो सरोवराच्या भोवतालच्या डोंगरात, पाइन आणि हेमलॉकच्या दाट रानात, 1793 सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी ही कथा सुरू होते. न्यायाधीश मार्माड्यूक टेंपल आपल्या मुलीला, एलिझाबेथला, बर्फगाडीतून घरी आणीत आहेत. कुत्र्यांचा आवाज येतो आणि एक नर हरीण झाडीतून रस्त्यावर झेप घेते. टेंपल गाडीतून उडी टाकून छऱ्यांची बंदूक झाडतात. रानातूनही रायफलीचे आवाज येतात आणि हरीण पडते. मग हरीण कोणाचे, हा वाद सुरू होतो. एक जखम मानेत आहे, एक काळजात. टेंपल आपला हक्क सांगू लागतात. तेव्हा झाडीतून आलेला एक तरुण शांतपणे विचारतो, तुमच्या बंदुकीत छरे किती होते? पाच. त्यांपैकी चार या समोरच्या झाडात आहेत. मग पाचवा? तरुण अंगावरचा जाड कोट दूर करतो. पाचवा छरा त्याच्या खांद्यात असतो.

कूपरच्या संथ आणि काहीशा बोजड लेखनात असा प्रसंग क्वचितच आढळतो. कायदा, मालकी आणि रक्त या तिन्ही गोष्टी त्याने एका झाडाच्या खोडावर मोजून दाखविल्या आहेत. आणि छरे मोजण्याची पाळी आणली आहे ती एका न्यायाधीशावर.

या तरुणाचे नाव ऑलिव्हर एडवर्ड्स. त्याच्यासोबत असलेला, सत्तरीच्या घरातला उंच, काटक शिकारी म्हणजे नॅटी बम्पो. हरणाच्या कातड्याच्या पायमोज्यांमुळे त्याला लेदरस्टॉकिंग म्हणतात. याच नॅटीला घेऊन कूपरने पुढे ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (1826), ‘द प्रेअरी’ (1827), ‘द पाथफाइंडर’ (1840) आणि ‘द डिअरस्लेअर’ (1841) या कादंबऱ्या लिहिल्या. ‘द प्रेअरी’ वगळता त्यांत तो तरुण आणि पराक्रमी होत गेला. मात्र वाचकाला तो पहिल्यांदा भेटला तो म्हाताऱ्याच्या रूपात, हे विसरता कामा नये. मार्क ट्वेनने 1895 साली कूपरच्या साहित्यिक अपराधांची जी यथेच्छ टर उडविली, तिचा रोख मुख्यतः उत्तरकालीन पुस्तकांवर होता. ‘द पायोनियर्स’ त्या माऱ्यातून बरीचशी सुटते. वेषांतर आणि हरवलेला वारसा यांचा उत्तरार्धातील पसारा मात्र आज कंटाळवाणा वाटतो, आणि एलिझाबेथखेरीज एकाही स्त्रीपात्रात जीव नाही, हेही सांगून टाकतो.

आता हरणाविषयी थोडे. कूपरचे हरीण हे पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण. आपण मराठीत काळवीट, चितळ, सांबर या सगळ्यांना सरसकट हरीणच म्हणतो. परंतु काळविटाची शिंगे कायमची असतात, तर या अमेरिकन हरणाची शिंगे चितळ-सांबरांप्रमाणे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. भय वाटताच शेपूट उभारून तिची पांढरी खालची बाजू दाखवीत ते पळते. डोळ्यांपेक्षाही त्याचे नाक तीक्ष्ण. डोंगराळ रानात त्याची शिकार शिकणे म्हणजे निम्म्याहून अधिक वाऱ्याचे शास्त्र शिकणे होय. सकाळी ऊन चढू लागले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि संध्याकाळी थंड हवा दरीकडे उतरते. म्हणून सकाळी शिकाऱ्याने हरणाच्या वरच्या अंगास असावे आणि संध्याकाळी खालच्या. डोंगराच्या अगदी माथ्यावर हरीण सहसा बसत नाही. माथ्याच्या थोडे खाली, पाठीमागून वारा आणि समोर उतार दिसेल अशी सपाटी ते निवडते. नवख्याला शिकवितात की रानात अख्खे हरीण शोधू नकोस. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेषा दिसते का पाहा, एखादा कान हलतो का पाहा. चार पावले टाक आणि थांब. ओक आणि बीच यांची फळे कोठे पडली आहेत, हरणाने शिंगे घासून कोणत्या झाडाची साल सोलली आहे, हे वाचता येऊ लागले म्हणजे शिक्षणाचा पहिला धडा झाला.

यांतले कूपरमध्ये किती आहे? खरे सांगावयाचे तर फारच थोडे. मुद्दाम शोधूनही मला नॅटी वारा पारखीत तासन् तास उतारावर बसलेला असा दिसला नाही. त्याची हरणे कुत्र्यांच्या आवाजासरशी पानावर येतात. कूपर त्याच डोंगरात वाढला. त्याच्या वडिलांनी वसविलेले कूपर्सटाउन हेच कादंबरीतले टेंपलटन. मात्र त्याचे डोळे जमीनदाराच्या मुलाचे होते, शिकाऱ्याचे नव्हते. शिकारीची कृती त्याला उमगली नाही. तिची नीती मात्र पुरती उमगली. छऱ्यांच्या बंदुकीविषयी नॅटीला जो तिटकारा आहे तो यातूनच येतो. एक प्राणी, एक गोळी आणि ती नेमकी, हे त्याचे व्रत. कबुतरांच्या प्रकरणात सारे गाव बंदुका आणि चक्क एक तोफ घेऊन आकाश झाकणाऱ्या थव्यांवर तुटून पडते. नॅटी एक पक्षी एका गोळीने टिपतो, उचलतो आणि चालू लागतो. त्या जातीचे अखेरचे कबुतर 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते प्रकरण स्वस्थपणे वाचता येत नाही. कूपरने ते 1823 साली लिहिले, ही गोष्ट थोर म्हटली पाहिजे.

टेंपल हा खलपुरुष नव्हे. मासे जाळ्यांनी ओढून किनाऱ्यावर सडू देणे, साखरेच्या मेपल झाडांची नासाडी करणे, याचे त्याला मनापासून दुःख आहे. रान संपेल ही भीती गावात दोघांनाच आहे, त्याला आणि नॅटीला. म्हणूनच त्याच्या आग्रहाने कायदा होतो, की जानेवारी ते ऑगस्ट या काळात हरीण मारू नये. कायदा योग्य आहे. पण ज्या वृद्धाने चाळीस वर्षे एक गोळीही वाया घालविली नाही आणि ज्या नव्या वसाहतवाल्यांनी चार वर्षांत डोंगर उघडे केले, त्या दोघांना तो एकाच मापाने मोजतो. आणि पहिल्यांदा सापडतो तो अर्थातच वृद्ध.

उन्हाळ्यात सरोवरावर नाव वल्हवीत असताना नॅटीच्या कुत्र्यांनी हुसकलेले हरीण पाण्यात उतरते. एडवर्ड्स कायद्याची आठवण देतो. पण म्हाताऱ्याचे रक्त उसळते. एडवर्ड्सही मोहात पडून शिंगांत दोरीचा फास टाकतो आणि नॅटी सुरीने हरणाचा गळा चिरतो. कूपरने येथे नॅटीला साधू केले नाही, हे मला फार आवडते. त्याला भूक नव्हती, गरज नव्हती. समोर हरीण पोहत होते, एवढेच. कुत्र्यांची दावणी मात्र कोणी तरी कापली होती. तो हायरम डूलिटल, गावचा दंडाधिकारी. नॅटीच्या झोपडीत गुप्त चांदी असावी असा त्याचा तर्क, आणि झडतीला निमित्त हवे. त्याच दिवशी नॅटीने एलिझाबेथला रानमांजरासारख्या हिंस्र पँथरच्या तावडीतून वाचविले आहे, आणि त्याच प्रकरणी टेंपलची सही झडतीच्या हुकुमावर होते.

झोपडीच्या दारात नॅटी रायफल रोखून उभा राहतो. डूलिटलला तो धक्का देऊन लोटतो. मग थोडा शांत झाल्यावर हरणाचे कातडे स्वतःच बाहेर फेकतो आणि पँथरच्या इनामातून दंड वळता करून घ्या, म्हणतो. येथे सामान्य वाचकाच्या नजरेतून एक बारकावा निसटतो. न्यायालयात नॅटीवर आरोप येतात ते हरणाचे नव्हेत. एक मारहाणीचा, त्यातून पंच त्याला सोडतात. दुसरा सरकारी हुकुमाला शस्त्रानिशी विरोध केल्याचा. शिक्षा होते ती या दुसऱ्यासाठी: एक तास खोड्यात, एक महिना तुरुंग आणि शंभर डॉलर दंड. हरीण केव्हाच बाजूला पडलेले असते. शिक्षा अवज्ञेची आहे.

हे प्रकरण मी जेथे वाचून थांबलो, त्याचे कारण खासगी आहे. 1987 साली, नोकरीच्या आरंभीच्या काळात, एका वनवासी माणसाच्या झोपडीच्या झडतीच्या हुकुमावर माझी सही झाली. कागद पुढे आला, कायदा स्पष्ट होता, सही केली. झडतीत मांस मिळाले नाही. चितळाची गळून पडलेली दोन-चार शिंगे मिळाली, रानात वेचलेली. त्या माणसाने दारात हात आडवा धरला होता. पुढे कित्येक महिने जे प्रकरण चालले ते शिंगांचे कमी आणि त्या आडव्या हाताचेच अधिक होते. माझी बदली झाली आणि निकाल मला कळला नाही. मी चौकशी केली असती तर कळला असता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर आपली राने केव्हाच रिकामी झाली असती, हे मी तेव्हाही मानीत होतो आणि आजही मानतो. पण टेंपल निकाल वाचतो तेव्हा कूपरने त्याच्या आवाजात जो किंचित कंप ठेवला आहे, तो मला माझ्या सहीत आढळत नाही.

समीक्षकांनी ही कादंबरी निसर्ग विरुद्ध संस्कृती अशा सोप्या कोष्टकात बसविली आहे. मला ती पटत नाही, कारण कूपरच्या पटावर तिसरा पक्षही आहे. नॅटीचा जिवलग जॉन मोहिगन, म्हणजेच चिंगाचगूक, हा डेलावेअर वृद्ध गावात दारू पिऊन टोपल्या विकतो आणि अखेर जळत्या डोंगरावर स्वतःहून मृत्यू पत्करतो. रान नॅटीचे की टेंपलचे हा वाद चालू असताना, ते आधी कोणाचे होते हे त्याचे मौन सांगत राहते. कूपरला हे दिसले. मात्र त्याने त्या माणसाला जगण्यास जागा दिली नाही, मरणालाच भव्यता दिली. हा कादंबरीतील मोठा दोष आहे. ॲलन टेलर या इतिहासकाराने ‘विल्यम कूपर्स टाउन’ (1995) या ग्रंथात कूपरच्या वडिलांच्या वसाहतीचा जो तपशील दिला आहे, तो वाचल्यावर तर टेंपलच्या हक्काखालची जमीनही बरीच भुसभुशीत वाटू लागते.

पुढील इतिहासाने या दोघांचीही गंमत केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हरणे फारच थोडी उरली. 1900 साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापारास बंदी आली, ठराविक हंगाम आणि परवाने आले, आणि आज तेथे या हरणांची संख्या कोटींत मोजतात. टेंपल जिंकला. कुत्र्यांनी हरीण हुसकून पाण्यात घालणे, जी नॅटीची रीत, तीच न्यूयॉर्कच्या डोंगरात गुन्हा ठरली. परंतु 1949 साली शिकारीचे शिक्षण सक्तीचे करणारे पहिले राज्य हेच न्यूयॉर्क. आणि नवख्याला तेथे जे शिकवितात, की खात्री असल्याखेरीज चाप ओढू नकोस, झाडीमागे काय आहे ते आधी पाहा, एका गोळीत काम कर, ते नॅटीचे व्रत आहे. पाचव्या छऱ्याचा धडाही त्यात आलाच.

कादंबरीच्या शेवटी सगळे नॅटीला राहा म्हणून विनवितात. पक्के घर देऊ करतात. तो कुत्री घेतो, रायफल खांद्यावर टाकतो आणि पश्चिमेकडे निघतो. रानाच्या कडेशी पोहोचल्यावर एकदा मागे वळून हात हलवितो.