‘दुःखी’चे अनुवादक साने गुरुजी

साने गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’ आठवते आणि तिच्यामागोमाग ‘अश्रूंचा लेखक’ हा शिक्काही. या शिक्क्याखाली त्यांच्यातील अनुवादक झाकला गेला.

खानदेशात विद्यापीठ आले ते १९९० साली, जळगावला. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ ते १९३० या काळात, गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत होते. नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंग हेच त्यांचे विद्यापीठ झाले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात अन्यभाषक सोबती भेटले. पुढे त्यांनी तमिळ ‘कुरल’ मराठीत आणले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली. आपला अहंकार बाजूस सारून दुसऱ्याचा शब्द ऐकणे, ही अनुवादकाची पहिली साधना होय.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’वरून त्यांनी ‘दुःखी’ लिहिली. मूळ कादंबरी १८६२ची. १८६४ साली ख्रिस्तसभेने ती निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली. १९६६ साली ती सूचीच संपुष्टात आली. गंमत अशी की, या कादंबरीचा नैतिक पाया एका बिशपच्या दयेवर उभा आहे. चांदीची भांडी चोरणाऱ्या कैद्याला पोलीस धरून आणतात, तेव्हा बिशप ती आपणच दिल्याचे सांगतो आणि वर चांदीच्या समयाही देतो. शुभवर्तमानातील क्षमा याहून वेगळी ती कोणती?

‘दुःखी’ हा काटेकोर अनुवाद नव्हे. मूळच्या पाच भागांतील इतिहास आणि समाजचिंतन संक्षेपात मावणारे नव्हते. अभ्यासकाला ही उणीव जाणवेल आणि ती खरीही आहे. परंतु गुरुजी अभ्यासकांसाठी लिहीत नव्हते. वर्गातल्या मुलाला दूरच्या देशातील दुःख आपले वाटावे, यासाठी लिहीत होते. शिक्षक आणि अनुवादक येथे एक होतात. १९४९च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी मांडलेली आंतरभारतीची कल्पना याच वृत्तीचे फळ होती.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. हे झाकून त्यांचे स्मरण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जीवन ही देवाने दिलेली ठेव आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. तसेच अशा जिवाच्या तारणाची आशा सोडू नये, असेही शिकविते. गुरुजींनी मराठीत आणलेला तो बिशपही चोराचा न्याय करीत बसला नाही. त्याने त्याला देवाच्या हाती सोपविले.

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत ‘श्यामची आई’ आहे. तिच्याशेजारी ‘दुःखी’लाही जागा मिळावी आणि मुलांनी ती मोठ्याने वाचावी.